४ जीबीची रॅम वाढवायची आहे, पण दुकानदार म्हणतो पीसीच बदला

कलमांची_वही · देवगड

नमस्कार. घरच्या डेस्कटॉपची रॅम वाढवायची आहे. विचारलं त्या प्रत्येकाने वेगळं सांगितलं, म्हणून इथे लिहितेय.

मशीन २०१३ मध्ये असेंबल करून घेतलेलं. बिलावर आहे: आय३-३२२० प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. विंडोज १० नंतर घालून घेतलं. गेम वगैरे कोणी खेळत नाही. काम म्हणजे आंब्याचा हिशोब. एका एक्सेलमध्ये कुठल्या कलमावरून किती पेट्या उतरल्या, कुणाला चार डझनाची गेली, कुणाला सहाची, पैसे आले की नुसते "पाठवतो" आले. दुसऱ्या फायलीत पत्ते, त्यावरून वर्डमध्ये मेल मर्ज करून (यादीतले पत्ते आपोआप लेबलांवर उतरवून) पेट्यांवर चिकटवायची लेबलं. आणि क्रोममध्ये व्हॉट्सॲप वेब कायम उघडं, कारण निम्म्या ऑर्डरी तिथेच येतात. लोक पत्ता टाइप करायचा सोडून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतात, तेही आडवा.

हे सगळं एकत्र उघडलं की मशीन बसतं. लेबलांची प्रिंट दिली की माउसचा बाण थिजतो, हार्ड डिस्क कुरकुरत राहते, आणि तोवर मी खळ्यात जाऊन चार पेट्यांत पेंढा भरून येते. पॅकिंगला आलेली मुलं लेबलांची वाट बघत बसतात आणि टेम्पोवाला बाहेर हॉर्न मारत असतो.

दोन दुकानांत विचारलं. एक म्हणाला, "वहिनी, एवढं जुनं आता कोण वापरतं, नवीन घ्या." दुसऱ्याने डीडीआर४ची, म्हणजे पुढच्या पिढीच्या रॅमची, पट्टी काढून हातात ठेवली, बिल दाखवल्यावर मुकाट परत घेतली. ऑनलाइन ८ जीबीची डीडीआर३ पट्टी बाकीच्यांपेक्षा बरीच स्वस्त दिसतेय, ती कार्टमध्ये टाकून ठेवली आहे.

तर, ४ला ४ जोडू की ८ची एकच घेऊ? १६ करण्यात काही अर्थ आहे का? आणि त्या स्वस्त पट्टीत काही गोम आहे का? मार्चात पेट्या सुरू होतील, त्याआधी हे उरकायचंय.

ठाण्याचा_चाकरमानी

२०१३ची मशीन आहे, त्यात पैसे घालू नका. एखादा छोटा मिनी पीसी घ्या, टेबलावर जागाही कमी लागते.

कलमांची_वही · देवगड

भाऊ, मे महिन्यात गावी याल तेव्हा मिनी पीसी घेऊन या, बदल्यात पेटी घेऊन जा. जागेची अडचण नाही हो, घर मोठं आहे, पैशाचं विचारा.

स्क्रूडायवर · कुडाळ

वहिनी, कार्टमधली पट्टी आधी काढून टाका.

८ जीबी डीडीआर३च्या ज्या पट्ट्या संशयास्पद स्वस्त असतात, त्यांच्या वर्णनात खाली बारीक अक्षरांत "फक्त एएमडीसाठी" असं लिहिलेलं असतं. त्यांच्यावरच्या चिपांची रचना वेगळी असते. ती एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीच्या काही बोर्डांवर चालते, तुमच्या इंटेलच्या आय३ला ती ओळखताच येत नाही. पट्टी खराब नसते, पण मशीन सुरू होत नाही आणि माणूस समजतो बोर्ड गेला. माझ्याकडे अशा पट्ट्या घेऊन दर थोड्या दिवसांनी कोणीतरी येतंच.

डीडीआर४चा विषय दुकानातच मिटलाय, तरी इतरांसाठी सांगतो. डीडीआर३ला २४० पिना, डीडीआर४ला २८८. खाच वेगळ्या जागी. डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, डीडीआर४ १.२वर. जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट मोडेल. लॅपटॉपची डीडीआर३ आखूड असते, २०४ पिनांची, ती डेस्कटॉपमध्ये बसत नाही. "घरात जुना लॅपटॉप पडलाय, त्याची काढून घालू का" असं विचारणारे असतात, त्यांच्यासाठी हे.

एच६१ बोर्डावर रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि एका स्लॉटात ८ जीबीपर्यंत, म्हणजे एकूण १६ चालते. पण तुमच्या कामाला १६ कशाला? एक्सेल, वर्ड, क्रोम याला ८ पुरे. एकाच मापाच्या दोन पट्ट्या घातल्या की ड्युअल चॅनेल मिळतं, म्हणजे प्रोसेसर दोन्ही पट्ट्यांशी एकदम बोलतो. तुमच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणजे पडद्यावरच्या चित्रासाठीही हीच रॅम वापरली जाते, त्यामुळे ड्युअल चॅनेलचा थोडा जास्तच फायदा. म्हणून ४ला ४. ४ आणि ८ची जोडीही चालते, बिघडत काही नाही, फक्त वरचे ४ जीबी एकेरी चॅनेलवर जातात.

पण थांबा, अजून काही विकत घेऊ नका. आधी दोन गोष्टी बघून इथे टाका. एक, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा आणि उजवीकडे खाली जे आकडे येतात ते सगळे लिहा. दुसरं, सेटिंगमध्ये सिस्टीम, मग अबाउट. तिथे "इन्स्टॉल्ड रॅम" आणि "सिस्टीम टाइप" या दोन ओळी असतात. जशाच्या तशा उतरवा.

खारो_वारो · मालवण

वयनी, नवी पट्टी घालूच्या आधी जुनी काढून बघ. समुद्राचो वारो असा, पिना काळ्ये पडतत.

सगळ्यांना कळावं म्हणून आता पुस्तकी मराठीत. आमचं घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. दर पावसाळ्यात पीसी चालू करताना नुसता बीप-बीप ओरडतो आणि पडदा काळा. हा आवाज बहुतेक वेळा रॅमचाच असतो. पट्टीच्या कडेला जी सोनेरी दाते असतात, त्यांच्यावर खाऱ्या दमट हवेने थर चढतो. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, त्याखालच्या तांब्याला हवा लागली की हिरवट कळंक येतो.

उपाय: पट्टी काढायची, पांढऱ्या शाळकरी खोडरबराने दाते हलक्या हाताने एकाच दिशेने पुसायची, रबराचा कीस मऊ ब्रशने झाडायचा, आणि असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला लावून फिरवायचं. पॉलिश पेपर अजिबात नको, मुलामाच निघून जाईल. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा जातो. फुगा फुगवायचा पंप असतो तो वापरा.

आणि पावसाळ्यात काम असो-नसो, रोज थोडा वेळ पीसी चालू ठेवा. आतली ऊब ओल धरू देत नाही. बंद पडून राहिलेलं मशीनच आधी सडतं. वीज कडाडायला लागली की मात्र प्लग काढायचा, नेटची वायरसुद्धा.

कलमांची_वही · देवगड

स्क्रूडायवर, पट्टी कार्टमधून काढली. वर्णन परत वाचलं, शेवटच्या ओळीत खरंच "फक्त एएमडीसाठी" लिहिलंय. इतक्या खाली कोण वाचतं.

आकडे उतरवलेत, एक्सेल, वर्ड आणि क्रोम उघडं असताना:

वापरात ३.० जीबी, उरलेली ०.२ जीबी. कमिटेड ५.४. स्पीड १३३३. स्लॉट वापरात: २पैकी १. हार्डवेअर रिझर्व्ह्ड: ८०० एमबीच्या वर. डावीकडे डिस्क सतत १०० टक्के.

अबाउटमध्ये: इन्स्टॉल्ड रॅम ४.०० जीबी (३.२० जीबी वापरण्याजोगी). सिस्टीम टाइप: ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर.

हे "३.२० वापरण्याजोगी" म्हणजे ८०० एमबी गेले कुठे? पट्टी बाद आहे का?

खारो_वारो, पट्टी काढून बघितली. कडेची दाते एका बाजूला काळवंडलीत, हिरवं काही नाही. खोडरबर मुलाच्या कंपासमधला घेतला.

स्क्रूडायवर · कुडाळ

गोम सापडली. पट्टी चांगली आहे. तुमचं विंडोज ३२-बिटचं आहे.

३२ बिटांत रॅममधल्या जागांचे जेवढे वेगवेगळे पत्ते लिहिता येतात ते होतात ४,२९,४९,६७,२९६, एका पत्त्याला एक बाइट, म्हणजे बरोब्बर ४ जीबी. त्यातलेच काही पत्ते ग्राफिक्स, नेटवर्क आणि बोर्डावरच्या इतर भागांसाठी राखून ठेवावे लागतात. उरतात सव्वातीनच्या आसपास. तुमचे ८०० एमबी तिथे गेलेत. रॅम जागेवर आहे, पण विंडोजला तिथवर पोचायला पत्ताच नाही. गाव आहे आणि पिनकोड नाही, असं समजा.

म्हणजे तुम्ही आज ४ची पट्टी घातली असती, ८ची घातली असती, १६ केली असती, तरी वापरात आली असती तीच ३.२०. दुकानदाराने पट्टी विकून पाठवलं असतं आणि तुम्ही म्हणाला असता, रॅम वाढवून काही होत नाही बघा.

आता त्याच ओळीचा दुसरा अर्धा वाचा: "एक्स६४-बेस्ड प्रोसेसर". म्हणजे तुमचा आय३ ६४-बिट चालवू शकतो. ज्याने कोणी विंडोज घातलं त्याने ३२-बिटची पेन ड्राइव्ह लावली, एवढंच. त्या काळात ४ जीबीला ३२-बिट पुरतं म्हणून सर्रास घालायचे.

तेव्हा क्रम उलटा करायचा. आधी विंडोज १० ६४-बिट, मग रॅम. तुमचं विंडोज रीतसर ॲक्टिव्हेट असेल तर तेच लायसन्स ६४-बिटलाही चालतं, फक्त एडिशन तीच हवी. होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो. मात्र ३२चं ६४ वरच्या वर होत नाही, नव्याने इन्स्टॉल करावं लागतं.

आणि नव्याने करायचंच आहे तर एक एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपांची डिस्क) घ्या, २५६ जीबीची, साधी अडीच इंची, साटा जोडणीची. तुमची डिस्क १०० टक्के का दिसते? रॅम संपली की विंडोज उरलेला माल हार्ड डिस्कवर ढकलतं आणि लागेल तसा परत ओढतं. कमिटेड, म्हणजे उघड्या प्रोग्रॅमांनी मागितलेली मेमरी, ५.४ आणि हातात ३.२, म्हणजे दोन जीबीपेक्षा जास्त ओझं फिरत्या तबकडीवर. ती जी कुरकुर ऐकता ती हीच. एच६१वर साटा जुन्या पिढीचं आहे, ३ गिगाबिटचं, त्यामुळे एसएसडीच्या खोक्यावर लिहिलेला वेग मिळणार नाही. पण बारीकसारीक फायली शोधायला हार्ड डिस्कला डोकं इकडून तिकडे हलवावं लागतं, तो वेळच एसएसडीत जातो. फरक तिथे कळतो.

सगळ्यात महत्त्वाचं. इन्स्टॉल करताना जुन्या हार्ड डिस्कची वायर काढून ठेवा. विंडोज नव्या एसएसडीवर टाका. सगळं नीट चाललं की जुनी डिस्क परत जोडा आणि फायली कॉपी करा. म्हणजे चुकून तिच्यावर काही पुसलं जाण्याची भानगडच नाही. तुमची आंब्याची वही त्या डिस्कवर आहे.

इन्स्टॉल करण्याआधी प्रिंटरचं बघा. ६४-बिट विंडोजला प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, ६४-बिटच लागतो, आणि फार जुन्या प्रिंटरला तो मिळेलच असं नाही. कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून आधी खात्री करा. पत्ते जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केले असतील तर तो फॉन्टही कॉपी करून ठेवा, नाहीतर लेबलावर भलतीच अक्षरं येतील.

राजापूरची_गंगा

मधेच विचारते, विंडोज १०चा सपोर्ट संपला ना? मग तेच परत कशाला घालायचं? ११ घाला की.

स्क्रूडायवर · कुडाळ

संपला, १४ ऑक्टोबर २०२५ला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट एक वर्ष वाढवून मिळतात, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन नाव नोंदवावं लागतं. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. वहिनींचा आय३ तिसऱ्या पिढीचा. आडमार्गाने घालणारे आहेत, पण ऐन पेट्यांच्या दिवसांत एखादं अपडेट अडलं तर निस्तरणार कोण? हा सीझन १०वर काढायचा. पावसाळ्यात निवांत बसून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) किंवा नवीन मशीन, काय ते ठरवा. तेव्हा ठाण्याचा_चाकरमानी म्हणतात ते ऐकायला हरकत नाही.

ठाण्याचा_चाकरमानी

कोणीतरी ऐकलं!

वहिनी, रॅम मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल. पुढच्या आठवड्यात माझा भाचा तुतारी एक्स्प्रेसने कणकवलीला उतरतोय, सांगा काय आणायचं ते.

स्क्रूडायवर · कुडाळ

आणायची असेल तर भाच्याला असं सांगा: डेस्कटॉपची, डीडीआर३, ४ जीबी, १३३३ किंवा १६००. १६००ची मिळाली तरी दोन्ही १३३३वर चालतील, कमी वेगाच्या पट्टीबरोबर दुसरी जुळवून घेते. लेबलवर डीडीआर३एल, १.३५ व्होल्ट असेल तरी चालेल, ती १.५वरही काम करते. "फक्त एएमडी" नको.

डीडीआर३ आता बहुतेक ऑफिसांच्या जुन्या मशीनमधून काढलेलीच मिळते. त्यात वाईट काही नाही, रॅम झिजत नाही, पण बदलून देण्याची बोली करून घ्या. भाव मात्र गेल्या वर्षाच्या मनात धरून जाऊ नका. २०२५च्या अखेरीपासून मेमरी महागलीय, कारखाने एआयच्या सर्व्हरांच्या मागे लागलेत. त्याची झळ देवगडच्या आंबेवाल्यांना लागेल असं कोणाला वाटलं होतं!

बसवताना: पीसी बंद, प्लग काढलेला, मग पॉवरचं बटण एकदा दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. कॅबिनेट आडवं करा. स्लॉटच्या दोन्ही टोकांचे खटके बाहेरच्या बाजूला उघडा. काही बोर्डांवर एकच खटका हलतो, दुसरा पक्का असतो, तो ओढू नका. पट्टीची खाच आणि स्लॉटमधला उंचवटा समोरासमोर आले की दोन्ही अंगठे दोन टोकांना ठेवून सरळ खाली दाबा. मधोमध दाबू नका. बोर्ड किंचित वाकल्यासारखा वाटतो, घाबरायचं नाही. खटके आपोआप आत येतात, टक् आवाज होतो. एका बाजूचाच टक् आला तर पट्टी तिरकी बसलीय, काढून परत.

उघडलंच आहे तर बोर्डावरचा गोल सेलही बदला, सीआर२०३२. घड्याळ मागे जाऊन "कनेक्शन सुरक्षित नाही" असं क्रोम ओरडतं ते बऱ्याचदा त्या सेलमुळे.

जुनी रॅम आणली म्हणून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून रात्रभर लावून ठेवा. लाल रंगात एक जरी चूक दिसली तरी पट्टी परत. "एकच तर आहे" असं रॅमच्या बाबतीत नसतं, ती एक चूक नेमकी कुणाच्या पेटीच्या हिशोबात पडेल सांगता येत नाही.

कलमांची_वही · देवगड

झालं काम. भाच्याने पट्टी आणली, कणकवलीला स्टेशनवरच हातात दिली. प्रिंटरचा ६४-बिट ड्रायव्हर आधी बघून ठेवला होता, मिळाला. एसएसडी आणि विंडोज पुतण्याने घातलं, पट्टी मी घातली. पहिल्यांदा दाबताना हात कापत होता खरा. डावीकडचा खटका आला, उजवीकडचा येईना. काढून बघितलं तर जुनी धूळ स्लॉटच्या कोपऱ्यात घट्ट बसलेली, आणि तिच्यात एक मेलेली मुंगी. ब्रशने झाडून परत दाबली, मग दोन्ही टक्.

मेमटेस्ट रात्री लावला, सकाळी चुका शून्य.

आता अबाउटमध्ये: ८.०० जीबी (७.८८ वापरण्याजोगी), ६४-बिट. सगळं उघडं ठेवून लेबलांची प्रिंट दिली, माउस हलत राहिला. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी निम्मी-अधिक भरलेली दिसते, डिस्क बहुतेक वेळ शांत. पत्ते एका जुन्या फॉन्टमध्ये होतेच, स्क्रूडायवरने सांगितलं नसतं तर तो राहिला असता.

एकच राहिलं. जुनी हार्ड डिस्क आता पीसीत जोडलेली आहे. ती तशीच ठेवू, की काढून विकू? पुतण्या म्हणतो भंगारवाला घेईल.

स्क्रूडायवर · कुडाळ

भंगारात अजिबात देऊ नका. तुमच्या गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबर सगळं तिच्यावर आहे, आणि नुसतं डिलीट केलेलं परत काढता येतं.

हा सीझन ती आतच राहू द्या आणि रोज संध्याकाळी हिशोबाची फाइल तिच्यावर एक कॉपी टाकत जा, तारखेसकट नाव देऊन. पण त्या दोन्ही डिस्क एकाच कॅबिनेटमध्ये आहेत, वीज पडली तर दोन्ही जातील. म्हणून आठवड्याला एकदा तीच फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन ती पेन ड्राइव्ह प्लग-वायरपासून लांब, कपाटात ठेवा. पेट्या संपल्या की डिस्क माझ्याकडे पाठवा, पूर्ण पुसून देतो. मग विका नाहीतर मुलाला खोलून बघायला द्या, आतलं चुंबक जबरदस्त असतं.